आशेचा व्यापार

वाचकहो, रायपूर शहरातील तेलीबांधा हे नाव ऐकले की तेली आणि बांध हे दोन साधे शब्द मनात येतात. तेथील तलावाच्या काठाला लोक आता हौसेने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. परंतु जुने नाव काही पुसले गेलेले नाही. घाण्याचे तेल विकणारा तेली गिऱ्हाइकाला कधीच फसवीत नसे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. माप खोटे असू शके, तेलात भेसळ असू शके. तरीपण गिऱ्हाईक ते तेल डोळ्यांनी पाही, हुंगे, बोटावर घेऊन चाखे. दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकताच खरेखोटे कळून येई, आणि विकणाऱ्याचे घर त्याच गल्लीत असे. त्या फसवणुकीला काही एक मर्यादा होती.

आज त्याच वस्तीत, किंबहुना आपणा सर्वांच्या वस्तीत, कुरिअरवाला एक खोके आणून देतो. आत एक डबा असतो. डब्यात चूर्ण, गोळ्या किंवा अर्क. जाहिरातीत सांगितलेले असते की याने मधुमेह मुळापासून जाईल, गुडघ्यांची झीज भरून येईल, मुलाची उंची वाढेल, चरबी वितळेल. हा माल गिऱ्हाइकाला पारखता येत नाही. चव कडू असली तर 'औषधच आहे' असे वाटते, गोड असली तर 'निर्धोक आहे' असे वाटते. गुण आला नाही तर 'पथ्य पाळले नसेल' असे उत्तर तयार असते. विकणारा कोणत्या गावचा, हे अनेकदा खोक्यावरूनही उमगत नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: आजारी माणसाला खोट्या शब्दांनी आशा विकणे ही व्यापारातील नेहमीची अतिशयोक्ती समजावी, की तो निराळ्या जातीचा अपराध आहे? आणि तो अपराध असेल, तर त्यात वाटेकरी कोण कोण? या प्रश्नाचा आज शांतपणे विचार करू.

प्रथम हा व्यापार चालतो कसा, ते पाहू. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली व्ही.पी.ची सोय सुरू केली. दूरच्या खेड्यातील माणसालाही शहरातील पुस्तक, बी-बियाणे, घड्याळ घरपोच मिळू लागले. ही मोठीच सोय होती. परंतु तिच्यातील एक गोष्ट लक्षात घ्या. पोस्टमनच्या हाती पैसे दिल्यावरच पार्सल हाती येई. उघडून पाहणे त्यानंतर. प्रामाणिक दुकानदाराच्या हाती ही सोय विश्वासाची होती, लबाडाच्या हाती ती सापळा झाली. जुन्या नियतकालिकांच्या पाठपानांवर 'व्ही.पी.ने मागवा' अशा ओळीखाली शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती येत, त्या आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आता टपालाच्या जागी मोबाईलवरची जाहिरात आणि दारात पैसे घेणारा कुरिअरवाला आला आहे; 'आधी पैसे, मग पारख' हा क्रम मात्र तोच आहे.

जाहिरातीची रचनाही ठरावीक असते. पांढरा डगला घातलेला एक मनुष्य, 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे, कोणा बरे झालेल्या रुग्णाची साक्ष, 'दुष्परिणाम नाहीत' हे आश्वासन, आणि 'सवलत फक्त आजच' ही घाई. पण डबा हाती घेऊन बारीक अक्षरे वाचा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. म्हणजे जाहिरात म्हणते रोग जाईल, आणि वेष्टन म्हणते हे औषध नव्हे. एकच विक्रेता रुग्णाशी एका जिभेने बोलतो आणि कायद्याशी दुसऱ्या. वेष्टनावरील चौदा अंकी परवाना क्रमांक पाहून पुष्कळांना वाटते की सरकारने गुणाची खात्री दिली. वास्तविक तो अन्नव्यवसायाचा परवाना आहे. रोग बरा होतो याचा तो दाखला नव्हे.

ही लबाडी काही आपल्याच देशाची किंवा आपल्याच काळाची नाही. अमेरिकेत लिडिया पिंकहॅम या बाईंच्या नावाने स्त्रियांच्या विकारांवरील एक काढा विकला जाई. 'मिसेस पिंकहॅम यांना पत्र लिहा, त्या सल्ला देतील' असे जाहिरातीत सांगितलेले असे, आणि हजारो स्त्रिया आपली अत्यंत खाजगी दुःखे विश्वासाने लिहून पाठवीत. १९०५ साली एडवर्ड बोक या संपादकाने आपल्या मासिकात ती जाहिरात छापली आणि तिच्याशेजारी एका थडग्याचे छायाचित्र छापले. पिंकहॅमबाई १८८३ सालीच वारल्या होत्या! बावीस वर्षे स्त्रिया एका मृत बाईला पत्रे लिहीत होत्या, आणि कोणीतरी तिच्या नावाने उत्तरे देत होते.

या इतिहासात आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. त्या काढ्यात सुमारे १८ ते २० टक्के मद्यार्क होता, आणि तो घेणाऱ्यांत दारूबंदीसाठी झटणाऱ्या कित्येक सात्त्विक स्त्रिया होत्या. याहून लाजिरवाणे असे की, अशा औषधांच्या जाहिराती त्या काळच्या धार्मिक नियतकालिकांतून मुबलक येत. वाचक म्हणत, आपल्या धार्मिक पत्रात छापले आहे, म्हणजे खरेच असणार. जाहिरातदाराने पानावरील जागेचे पैसे दिले, आणि त्या जागेबरोबर वाचकांचा विश्वासही त्याच्या पदरात पडला. बोक यांच्या मासिकाने मात्र १८९२ पासूनच अशा जाहिराती घेणे बंद केले होते. १९०९ साली ब्रिटिश वैद्यकीय संघटनेने गुप्त औषधांचे पृथक्करण करून एक पुस्तक प्रसिद्ध केले. एका सुप्रसिद्ध गोळीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. विक्रीची किंमत घटकद्रव्यांच्या किमतीच्या शंभरपटीहून अधिक होती.

आपल्या देशाने या बाबतीत हात जोडून बसणे पसंत केले नाही. १९५४ साली औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात चोपन्न रोग व विकार आहेत: मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, बहिरेपणा, अपस्मार, कुष्ठरोग, लठ्ठपणा, एवढेच काय, माणसाची उंचीसुद्धा. यांवर इलाज असल्याची जाहिरात करणे हा गुन्हा, आणि पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ताईत, मंत्र, कवच यांनाही तो लागू आहे. त्याची भाषा मननीय आहे: अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही भाग घेऊ नये, असे तो सांगतो. नुसत्या कारखानदारापुरता तो मर्यादित नाही. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचे काही अंश रद्द केले; पण अशा औषधांची जाहिरात म्हणजे घटनेने रक्षिलेले भाषणस्वातंत्र्य नव्हे, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले.

कायदा असून त्याचा अंमल किती झाला, हे सत्तर वर्षांनी दिसून आले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या २०२२ च्या याचिकेवर नोव्हेंबर २०२३ मध्ये पतंजली आयुर्वेद या कंपनीने सर्वोच्च न्यायालयाला हमी दिली, आणि तरीही जाहिराती चालू राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाच्या अवमानाची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये कंपनीने ६७ वृत्तपत्रांत क्षमायाचना छापली, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की ही क्षमायाचना तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे काय? पुढे अधिक मोठी क्षमायाचना छापली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ती स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटवले. न्यायमूर्तींचा तो प्रश्न माझ्या मते नीतिशास्त्राचाच आहे. असत्य पानभर पसरते आणि दुरुस्ती कोपऱ्यात बसते. ज्याने पहिले वाचले त्याने दुसरे वाचलेच असेल, याची खात्री कोण देणार?

आता या व्यापाराच्या समर्थनार्थ जे म्हटले जाते, त्याचा विचार करू.

पहिले समर्थन असे: प्रत्येक विक्रेता आपल्या मालाची स्तुती करतोच, आंबेवालासुद्धा आपला आंबा साखरेहून गोड म्हणतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी नेमका हा प्रश्न हाताळला आहे. विक्रेत्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उत्तर थोडक्यात असे की, दोष उघड दिसत असेल, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असेल आणि किंमतही त्या मानाने कमी लावली असेल, तर सांगण्याचे बंधन नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका होणार असेल, तर तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. आंब्याची गोडी हा उघड घोडा आहे. घेणारा चाखून पाहू शकतो. डब्यातील चूर्णात काय आहे, हे मात्र घेणाऱ्याला जन्मात कळणार नाही. २००८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीचा निष्कर्ष आला. सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २५ डब्यांवरील प्रथिनांचा आकडा चुकीचा होता. जेथे घेणारा पारखू शकत नाही, तेथे विकणाऱ्याचा शब्द हेच माप असते. म्हणून ते माप खोटे करणे हे तेल कमी मोजण्यापेक्षा मोठे पाप आहे.

दुसरे समर्थन अधिक हळवे आहे: गुण येवो न येवो, रोग्याला आशा तर मिळते; आशा देण्यात वाईट काय? यात सत्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. विश्वासाने घेतलेल्या निर्गुण गोळीनेही वेदना किंवा मळमळ काही काळ कमी वाटते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण त्या विश्वासाने रक्तातील साखर ताब्यात राहत नाही, गाठ विरघळत नाही. आणि आशेची किंमत रुपयांत मोजून संपत नाही. ती वेळेतही मोजावी लागते. छत्तीसगड व विदर्भातील अनेक घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आहे. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण आणि अगदी अलीकडची जनुकीय उपचारपद्धती सोडली तर तो मुळातून जात नाही. परंतु हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, आणि रक्ततपासणीने पुढच्या पिढीचा विचारही करता येतो. आता असे एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. बाप मजुरीतून पैसे साठवून 'रक्तशुद्धी'चा डबा मागवतो आणि 'तीन महिन्यांत गुण' या वचनावर लेकराचे चालू औषध बंद करतो. ज्या मुलाचे शरीर इन्सुलिन मुळीच बनवत नाही, त्याचे इन्सुलिन असे बंद झाले तर तीन महिने लागत नाहीत. काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. तेलीबांध्याहून जी.ई. रोडने शहराच्या दुसऱ्या टोकाला टाटीबंध येथे गेले की एम्ससारखे मोठे सरकारी रुग्णालय उभे आहे. दूरच्या गावाहून आलेल्या डब्याने त्या बापाला त्या रस्त्यावरून जाऊच दिले नाही. खोटी आशा खऱ्या आशेची जागा अडवून बसते, हा तिचा खरा दोष.

येथे इन्सुलिनचाच इतिहास सांगण्याजोगा आहे. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी १९२३ साली त्याचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. ज्यांच्याजवळ खरोखर जीव वाचवणारे औषध होते, त्यांनी नावाचीही जाहिरात केली नाही.

तिसरे समर्थन कठोर आहे: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, मूर्खाचे पैसे जाणारच. याला पवित्र शास्त्रातील लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उत्तर देतो. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी तेथे आज्ञा आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खऱ्या तराजूची व खऱ्या मापांची आज्ञा आहे. या दोन्हींचे नाते विचार करण्यासारखे आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला शिवी कळणार नाही, ज्याला दिसत नाही त्याला धोंडा कोणी ठेवला हे कळणार नाही. म्हणूनच तेथे अपराध अधिक गंभीर. पुराव्याची भाषा न समजणारा रोगी हा या बाजारातील आंधळा आहे. त्याला 'तू का पाहिले नाहीस?' असे विचारणे म्हणजे धोंडा ठेवणाऱ्याची वकिली करणे होय. मार्काच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवा. जवळचे सर्व काही वैद्यांवर खर्चून ती अधिकच आजारी झाली होती. शुभवर्तमानकार तिचा खर्च नोंदवतो, पण तिला मूर्ख म्हणत नाही.

मग वाटेकरी कोण? कारखानदार तर आहेच. परंतु 'मला गुण आला' अशी पैसे घेऊन साक्ष देणारा नट, ती जाहिरात छापणारा संपादक, दाखवणारी वाहिनी, हेही आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे; खोटी शिफारस करणाऱ्यालाही ती लागू आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. छापील साक्ष ऐकून शेजाऱ्याने आपले औषध सोडले, तर ती साक्ष त्याच्याविरुद्धच पडली नाही काय?

आणखी एक वाटेकरी आपल्या अगदी जवळ असतो, आणि त्याच्याविषयी बोलणे अवघड आहे. उपासना संपल्यावर मंदिराच्या अंगणात एखादे बंधू किंवा भगिनी प्रेमाने विचारपूस करतात, आणि विचारपुशीच्या शेवटी पिशवीतून डबा निघतो. हे पुष्कळदा लबाड नसतात. साखळी पद्धतीच्या विक्रीत तेही अडकलेले असतात, आणि स्वतः विश्वास ठेवूनच बोलतात. पण ज्याची खात्री नाही ते खात्रीने सांगणे हेही असत्यच. अलीशाचा चाकर गेहजी नामानाच्या रथामागे धावला, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संदेष्ट्याने रोगमुक्तीबद्दल काहीही घेण्याचे नाकारले होते. चाकराने धन्याच्या नावावर रुपे आणि वस्त्रे मिळवली. मंडळीत जमलेला विश्वास हा आपला स्वतःचा नसतो. तो दुसऱ्याच्या नावाने आपल्याकडे आलेला असतो. त्याच्यावर डबे विकणे, किंवा 'अभिमंत्रित' तेलाच्या बाटल्या टपालाने पाठवणे, यात गेहजीचाच मार्ग दिसतो. आणि लहान नियतकालिकांनीही, छपाईचे बिल भरताना ओढाताण होत असली तरी, जाहिरात घेण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

याचा अर्थ प्रत्येक गोळी खोटी आणि प्रत्येक वैद्य लबाड, असा कोणी करू नये. गर्भवतीला दिलेल्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, आयोडीनयुक्त मीठ, तपासणीत उणीव आढळल्यावर दिलेले जीवनसत्त्व, ही सारी पूरकेच आहेत, आणि त्यांनी असंख्य जीव सावरले आहेत. आयुर्वेदाचा जाणता वैद्यही नाडी पाहिल्याशिवाय, रोग्याला विचारल्याशिवाय औषध देत नाही. चुकते ते इतकेच की, न पाहिलेल्या रोग्याला, न तपासलेल्या रोगावर, न सिद्ध झालेला गुण विकला जातो.

वाचकहो, आपण काय करू शकतो? डबा मागवण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचावीत. चालू औषध कोणाच्याही फोनवरून बंद करू नये. फसवणूक झाली असेल तर वेष्टन, पावती आणि जाहिरात जपून ठेवावी व राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. परंतु याहून अवघड काम घरातच आहे. आजीच्या कपाटात असे चार डबे सापडले, तर तिला हसू नका आणि रागावू नका. शरमलेला माणूस पुढच्या वेळी लपवून मागवतो. तिने ते का मागवले, हे विचारा. बहुधा असे कळेल की दवाखान्यात दोन मिनिटांवर कोणी तिचे ऐकले नाही, घरात तिच्या गुडघ्यांचा विषय निघाला की सर्वजण उठून गेले, आणि फोनवरचा तो विक्रेता मात्र अर्धा तास गोड बोलला. तिला रुग्णालयात घेऊन जाण्यासाठी एक दिवसाची रजा काढा, रांगेत तिच्याजवळ बसा, डॉक्टर काय म्हणाले ते तिला पुन्हा समजावून सांगा. हे काम प्रत्येक मंडळीतील दोन-तीन धडधाकट माणसांनी अंगावर घेतले, तर त्या गोड बोलणाऱ्या विक्रेत्याची पुष्कळशी गिऱ्हाइके कमी होतील.